मोठीमायच्या हातचं

अमरावती,
८ जानेवारी २०२४

मोठीमाय,

आधी तीर्थरूप लिहिलं आणि खोडलं. ज्या बाईला इतक्या वर्षांत एकदाही 'कशी आहेस' म्हणून विचारलं नाही, तिला एकदम तीर्थरूप म्हणताना माझीच जीभ अडली. मी हर्षा, तुझ्या धाकट्या दिराची, भगवंतरावांची मुलगी. तुझ्या श्यामचा नंबर गावातल्या बुधाजींकडून मिळवला. तो म्हणाला, "तिले फोनवर आयकू येत नाई, पत्र टाका." बोलणं एवढंच. त्याचा आवाज काही गोड नव्हता, आणि का असावा?

कुलदीप आजारी आहे. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो चार वर्षांचा होता, आता पस्तिशीचा आहे. संत्र्याची गाडी चालवतो. डिसेंबरात रात्रभर गाडी हाणून शेंदूरजनाघाटला पोचला आणि तसाच क्रेट भरू लागला. एक क्रेट उचलताना हातातून सुटला आणि त्याच्यामागे हाही खाली बसला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. त्याला सगळं समजतं, डोक्यात शब्द आहेत, पण बाहेर येईपर्यंत त्यांचा लगदा होतो. मलाच काय ते कळतं, आणि मीही अर्धंअधिक अंदाजाने.

बीपी नाही, शुगर नाही, दारू नाही. डॉक्टरही चक्रावले. मग त्यांनी शिरेतून मिठाच्या पाण्याचे बारीक बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला एक फट आहे. ती आईच्या पोटात सगळ्यांनाच असते म्हणे. जन्मल्यावर बाळ श्वास घेऊ लागलं की मिटते. चारांत एकाची मिटत नाही, आणि त्यातले बहुतेक लोक काहीही न होता म्हातारे होऊन मरतात. पण एखाद्या वेळी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरते, माणूस जोर करून काही उचलतो, ती फट उघडते आणि गाठ पलीकडे जाऊन सरळ मेंदूत अडकते. "हेच झालं असं शपथेवर सांगता येत नाही, पण शक्य आहे," असं डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला तरुणपणी लकवा झाला होता का? आई उठून बाहेर गेली.

आई काय म्हणते ते तुला ठाऊक आहे. बाबा तुझ्या घरी जेवायला बसले आणि ताटावरच पडले. आम्हाला लहानपणापासून एवढीच गोष्ट माहीत आहे. आई, मी आणि कुलदीप तेव्हा मामाच्या गावी होतो. त्या दिवशी तिथे असलेलं जिवंत माणूस आता तू एकटीच. बाबांना नेमकं काय झालं होतं, मोठीमाय? मला डॉक्टरांना सांगायचं आहे. आईला मी हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही.

हर्षा


अकोला, डाबकी रोड,
१९ जानेवारी २०२४

हर्षा,

पत्र मिळालं. श्याम वाचून दाखवत होता, मी हिसकावून घेतलं. माझे कान अर्धे गेलेत, डोळे शाबूत आहेत. कान गेले त्याचं दुःख नाही, त्यांनी ऐकायचं तेवढं ऐकलं.

तुझं पत्र वाचून मी हसले. हसले म्हणजे रडले, पण आधी हसले. भगवंत गेल्यापासून मी काय रांधलं होतं हे सगळ्या गावाने विचारलं. त्याला काय झालं होतं हे विचारणारी तू पहिली.

अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. पितरांचं पान थोरल्याच्या घरी, म्हणून भगवंत आमच्याकडे जेवायला. आशा तुम्हाला घेऊन माहेरी गेलेली. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरड्या, सगळं माझ्या हातचं, आणि त्यातलं त्याच्या पोटात काही गेलं नाही. हे नीट वाच. आल्या आल्या तो ओसरीवर बसला आणि डावा हात उजव्या हातावर घासत म्हणाला, "वयनी, सकायपासून हात झोपला माहा. डोकंबी ठणकून राहिलं." मी म्हटलं डॉक्टरकडे जा. तर म्हणे, "आशाले सांगू नको बरं, ते उगाच घाबरते." मग पाटावर बसला, पाण्याचा गडू उचलायला गेला आणि गडू कलंडला. त्याच्या तोंडातून लाळ आली, ओठ एका बाजूला ओढला गेला. पोळी तशीच होती. तुझे मोठेबाबा बैलगाडी काढायला धावले. तालुक्याच्या दवाखान्यात चार दिवस होता, बोलला नाही.

रडायला आलेल्या बायका म्हणाल्या, जेवायले बसला अन् उठलाच नाई. दुसऱ्या दिवशी त्याची करणी झाली. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं, म्हणून जळत होते म्हणे. पुढच्या वर्षी श्याम झाला तेव्हा तर पुरावाच मिळाला, एक खाल्ला तेव्हा एक झाला. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आमच्या गावात पाचामुखी करणी होती. मी अंगणवाडीत होते ना, लेकरं माझ्या हातची खिचडी खाईनात. आया ताटल्या पालथ्या घालायला शिकवून पाठवत. मग गाव सोडलं. इथे मी गोधड्या शिवते. इथे कुणाला काही माहीत नाही, तरी शेजारणीला मी कधी वाटीभर भाजी दिलेली नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

भगवंतचा हात जेवणाआधीच झोपला होता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तुझ्या आईला पाय धरून सांगितलं. ती म्हणाली, "आता कहाण्या सांगतं काय?"

डॉक्टरला विचार. त्याने लिहून द्यावं असं नाही, तोंडाने सांगितलं तरी चालेल. मला आता बाकी काही नको, फक्त मरायच्या आत आशाने एकदा म्हणावं की ते माझ्या अन्नाने झालं नाही.

पोराला जप. माझ्या मांडीवर बसून दूधभात खायचा आणि शेवटचा घास मलाच भरवायचा.

मोठीमाय


अमरावती,
२८ जानेवारी २०२४

मोठीमाय,

तुझं पत्र मी डॉक्टरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते म्हणाले, हात बधिर, मग तोंड वाकडं, वाचा बंद, हा लकवाच. कुठल्याही अन्नाने असं होत नाही. पण फटीमुळे झाला का, ते तपासल्याशिवाय कसं सांगणार. शक्य आहे, म्हणाले. मला त्या शब्दाचा आता राग येतो. पण अन्नाबद्दल ते चाचरले नाहीत, एवढं मी तुला छातीठोक सांगते.

कुलदीपसाठी त्यांनी मार्ग सांगितला. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून ती फट एका छोट्या छत्रीसारख्या वस्तूने बंद करतात. छाती फाडावी लागत नाही. तोवर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, आणि त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

अडचण आईची आहे. ती त्याला एका बाबाकडे घेऊन गेली होती. बाबाने नारळ फिरवला आणि सांगितलं, "बापाले जे खाण्यातून गेलं, तेच पोरात उतरलं." एवढं ज्ञान मिळवायला तिथे जायची गरज नव्हती, आई तर हे रोज फुकट सांगते. हृदयात लोखंड घालू देणार नाही, हे तिचं एकच पालुपद. आणि कुलदीप आईच्या शब्दाबाहेर नाही. घरात बायको नाही, लेकरू नाही, त्याचं सगळं जग आई.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, आई दळणाला गेलेली असताना. दूधभाताच्या ओळीपाशी तो रडायला लागला. मग खूप वेळ लावून म्हणाला, "बोलाव."

ये ना. दर गुरुवारी आई मोझरीच्या आश्रमात जाते, सकाळी जाऊन संध्याकाळी येते. तुझ्या तोंडून त्याने ऐकलं तर तो हो म्हणेल. मी चष्म्याच्या दुकानातून सुट्टी काढीन, बस स्टँडवर घ्यायला येईन. चोरून बोलावते आहे, मला कळतं. पण सरळ वाटेने तुला आमच्या दारात कोण येऊ देणार?

हर्षा


अकोला,
६ फेब्रुवारी २०२४

हर्षा,

शक्य आहे म्हणतो डॉक्टर. मला त्या शब्दाचं नवल नाही. माझ्याबद्दल तर गावाने तेवढंही म्हटलं नाही, मी एकदम खात्रीची होते. शक्य म्हणणारा माणूस निदान खोटा तरी नाही.

श्याम येऊ नको म्हणतो. त्याचं एक लग्न याच कहाणीने मोडलं, मुलीचा मामा आमच्या गावाकडचा निघाला. तो म्हणतो, "त्या घराचा तुले अजून पुळका काहून?" मी म्हटलं, घराचा नाही, पोराचा.

पुढच्या गुरुवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या गाडीने येते. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नये अशी रीत आहे. मी रिकाम्याच हाताने येईन. फळसुद्धा आणणार नाही. तुझ्या घरी पाणीही माझं मी घेणार नाही, तूच ओतून दे. आणि त्याला भेटून लगेच निघेन.

मोठीमाय


अमरावती,
१९ फेब्रुवारी २०२४

मोठीमाय,

तू गेल्यापासून लिहायचं म्हणते आणि दुकानात लग्नसराईची गर्दी. लग्नाच्या आधी सगळ्यांचेच डोळे तपासायचे असतात, नंतर कुणी येत नाही.

तू उंबऱ्याबाहेर चप्पल काढून तशीच उभी होतीस. मी ये म्हटलं तरी पाय उचलत नव्हतीस. कुलदीपने आतून आवाज काढला, मला वाटलं पडला. तो तुला हाक मारत होता! आजारपणानंतर तो पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलला.

आणि मग ते भरवणं. तू नाही म्हणालीस, हात पाठीमागे लपवलेस, मला म्हणालीस की तूच भरव. त्याने माझ्या चमच्याला तोंड उघडलंच नाही. डाव्या हाताने तुझा पदर धरून बसला आणि म्हणाला, "तू." नुसतं तू. घट्ट दूधभात त्याला डॉक्टरांनी सांगितलेलाच आहे, मीच कालवला होता. तू मान दुसरीकडे वळवून घास पुढे केलास, अर्धा भात त्याच्या शर्टावर सांडला. तो हसत होता, वाकडं तोंड करून. मी मोरीत जाऊन रडून आले, तुम्हा दोघांना कळलंही नसेल.

आता ऐक. तो हो म्हणाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फट बंद करायची असं ठरलं.

आईला तू येऊन गेल्याचं कळलं. समोरच्या बाईंनी सांगितलं. मी कंबर कसून बसले होते, पण आई भांडली नाही, रडली नाही. फक्त त्याच्या शर्टावरचा भाताचा डाग बराच वेळ पाहत राहिली. मला वाटतं ती विरघळते आहे. त्याच्या गोळ्या ती स्वतः कुटून मधात चाटवते, मला हातसुद्धा लावू देत नाही. एवढ्या मायेने करते. एकदा छत्री बसली आणि तो उभा राहिला की मीच तिला तुझ्याकडे घेऊन येईन.

हर्षा


अकोला,
२७ फेब्रुवारी २०२४

हर्षा,

मला आशा विरघळेल असं वाटत नाही, पण तू लिहिलंस म्हणून खरं मानते. म्हातारपणी माणूस लबाड होतं, हवं ते खरं मानतं.

एक सांगते, हसू नकोस. काल वांग्याची भाजी केली होती. शेजारची शाहीन मला खाला, म्हणजे मावशी म्हणते, नेहमी भिंतीवरून मोठ्याने हाक मारते. मी वाटी भरली आणि दिली. देऊन दार लावून आत बसले. सकाळी ती वाटी घासून परत घेऊन आली, वाटीत चार खजूर. म्हणाली, "खाला, भाजी बहोत अच्छी थी." तिची पोरं अंगणात खेळत होती, चांगली धडधाकट. मी दोनदा पाहून आले.

आजवर मला वाटायचं, लोक बोलतात ते खोटं आहे. पण आत कुठेतरी मीही घाबरत होते गं. इतकी माणसं बोलतात म्हणजे माझ्या हातातच काही असेल. पोराने तो घास गिळला आणि माझी ती भीती गेली. हे मी श्यामलाही सांगितलेलं नाही.

ऑपरेशन झालं की श्यामच्या फोनवर निरोप दे.

मोठीमाय


अमरावती,
१९ मार्च २०२४

मोठीमाय,

श्यामला मी फोनवर एवढंच सांगितलं की कुलदीप गेला. बाकी सांगायची हिंमत नव्हती. लिहायचीही नाही, पण लिहिते.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी सकाळी तो उठलाच नाही. श्वास चालू होता, डोळे अर्धे उघडे. या वेळी मोठी गाठ होती, दुसऱ्या बाजूला. दोन दिवस यंत्रावर राहिला. मी त्याच्या कानाशी बोलत राहिले, त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईने छाती बडवून घेतली आणि सगळ्या लोकांसमोर ओरडली, "त्या बाईनं माया नवऱ्याले खाल्लं, अन् आता माया घरात येऊन माया पोराले खाऊ घातलं!" बाबांचे आतेभाऊ केशवराव, शिकलेला माणूस, निवृत्त हेडमास्तर, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिनं कायच्यातून देल्लं?" मी म्हटलं, मी कालवलेला भात होता, माझ्या हातचा. ते म्हणाले, "पण भरोला तर तिनं ना?"

आणि हे वाचताना बसून घे. काल मी त्याचे कपडे आवरत होते. आईच्या ट्रंकेत, तिच्या लग्नाच्या शालूत गुंडाळलेल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या सापडल्या. पाकिटं न फोडलेली. सोबत अंगाऱ्याच्या पुड्या, अर्ध्या संपलेल्या. बाबाने तिला सांगितलं होतं की विधी पुरा होईपर्यंत औषध पोटात गेलं तर देवाचं चालत नाही. तू येऊन गेलीस त्या रात्रीपासून तिने गोळ्या बंद केल्या. तुझ्या घासाचा उतारा म्हणून. ती त्याला रोज मधातून राख चाटवत होती आणि मी त्याला माया समजत होते. मायाच होती ती, मोठीमाय. हेच मला सहन होत नाही.

डॉक्टरांना विचारलं. गोळ्या चालू असत्या तर वाचला असता का? ते म्हणाले, शक्य आहे.

तेरवीला सगळे जमतील, गावाकडचेही. मी ठरवलं आहे. सगळ्यांसमोर उभी राहून ती पाकिटं दाखवणार आणि सांगणार की कुलदीपला मोठीमायने मारलं नाही, आणि बाबांनाही नाही. आई ऐकेल, तिला ऐकावंच लागेल. तुझी इतक्या वर्षांची मागणी होती ना, ती एका दिवसात पुरी होईल. तू फक्त हो म्हण. श्यामकडून एका शब्दाचा निरोप दिलास तरी पुरे.

हर्षा


अकोला,
२२ मार्च २०२४

हर्षा,

पत्र कालच आलं. श्याम स्वतः अमरावतीला येऊन तुझ्या दुकानात हे पत्र देईल, टपालावर विसंबायला वेळ नाही.

नाही म्हणते.

श्याम माझ्यावर चिडला आहे. म्हणतो पोलिसात जाऊ, त्या बाबाला आत टाकू. टाका, त्याला अवश्य टाका. पण पाकिटं तेरवीत दाखवायची नाहीत. लोक गोळ्यांचं कबूल करतील असं तुला वाटतं? ते म्हणतील, करणीनेच तिची बुद्धी फिरली म्हणून गोळ्या दिल्या नाहीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांना काय? ऐकणारी एकच असेल, ती आशा. आणि ती मान्य करेल, कारण ती मूर्ख नाही. मग तिला रोज सकाळी उठून हे माहीत असेल की पोराला आपण मारलं.

मी हे मोठेपणाने लिहीत नाही. मला तिचा राग आहे, आणि तो जाणार नाही. माफ केलं असं माझ्या नावाने कुणाला सांगू नकोस. पण असा ठपका घेऊन कसं जगायचं ते मला येतं, इतकी वर्षं तेच केलं. मला निदान आतून माहीत होतं की मी काही केलं नाही, तरी माझे हाल झाले. तिला तर तेवढाही आधार नाही. ती एक महिना टिकणार नाही, विहीर जवळ करेल. मी आई आहे, मला कळतं.

ज्याचं जळतं त्याला कळतं, पण सगळ्यांचंच जाळून काय मिळणार? पोर तर येत नाही.

त्याने माझ्या हातून खाल्लं, त्याला मी आवडत होते, एवढं मला पुरवून पुरवून वापरावं लागेल.

गोळ्या बाहेर कुठेतरी टाकून दे. अंगाऱ्याच्या पुड्या तिच्या ट्रंकेत होत्या तशा ठेव, तिने शोधल्या तर सापडायला हव्यात. गोळ्यांचं विचारलं तर सांग की उरलेल्या म्हणून तूच दवाखान्यात परत केल्यास. आणि ती माझ्या नावाने बोटं मोडेल तेव्हा तू माझी बाजू घेऊ नकोस, गप्प बस. तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. तू खरं बोलणारी पोर आहेस.

यापुढे मला पत्र लिहू नकोस. भेटायलाही येऊ नकोस. आशाला कळलं की तू माझ्याकडे येते-जातेस, तर आता तुझी पाळी म्हणून ती रात्रभर जागी राहील.

मोठीमाय